लग्नाआधीची सही

आमचं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि हे एक्कावन्न. मी मूळची बेळगावची. विशीत नोकरीसाठी बंगळूरला आले आणि एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनियर लोक पेन्सिलीनं जे नकाशे काढतात ते पातळ कागदावर शाईनं जसेच्या तसे उतरवायचे, हे ट्रेसरचं काम. राहायला मल्लेश्वरममधलं नोकरदार बायकांचं हॉस्टेल. तिथं मी सोळा वर्षं काढली. शेजारच्या खाटेवर मुलगी यायची, दोन-तीन वर्षांत लग्न होऊन जायची, मग दुसरी यायची. नव्वदीच्या सुरुवातीला एकदा वॉर्डननं बोलावून सांगितलं, कमिटीनं वयाची अट घातली आहे, चाळिशीच्या पुढच्या बायकांना यापुढं ठेवता येणार नाही. वर्षभराची मुदत आहे, म्हणाल्या.

ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांच्या शेजारचं स्थळ सुचवलं. हे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या, त्यामुळं बोलताना मध्येमध्ये कन्नड. पहिली बायको कॅन्सरनं जाऊन दीड वर्ष झालं होतं. मोठी मुलगी लग्न होऊन हुबळीला होती, मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

हे मला भेटायला हॉस्टेलवर आले. भेटीच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या होत्या. चपला दाराबाहेर काढून हे आत येऊन बसले.

"सकाळी किती वाजता उठता?" यांनी विचारलं.

"साडेपाचला."

"सरी. मी साडेचारला उठतो. पण आवाज करत नाही."

सरी म्हणजे बरं, ठीक. माझ्या प्रत्येक उत्तरावर हे "सरी" म्हणायचे. कांदा-लसूण चालतो का, बसनं जाता की चालत, दम्याचा वगैरे त्रास नाही ना, असं काहीबाही विचारलं. लग्न का केलं नाही, हे तेवढं विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं होतं. वडील गेले, धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, हे सांगून सांगून मला पाठ झालं होतं, आणि ते सांगावं लागलं नाही म्हणून मला बरं वाटलं. मी होकार दिला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी यांचा ऑफिसात फोन आला.

"रविवारी घरी याल का? मुलं आलीत. एक कागद करायचाय."

"कसला कागद?"

"मुलांच्या समाधानासाठी. स्वल्प फॉर्म्यालिटी आहे."

मी रविवारी गेले. घर मल्लेश्वरममध्येच, एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, बैठं, लाल गुळगुळीत जमिनीचं. बाहेरच्या खोलीत हे होते, मुलगी तिच्या वर्षाच्या बाळाला घेऊन बसली होती, मुलगा दाराला टेकून उभा होता. आणि यांचे एक जुने मित्र होते, ते वकिली करायचे. मुलं त्यांना वकीलकाका म्हणायची. त्यांच्यासमोर स्टॅम्प पेपरचे दोन कागद होते, इंग्रजीत टाइप केलेले. ते वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले.

"या घरावर आणि घरातल्या वस्तूंवर तुमचा हक्क राहणार नाही, आज नाही आणि यांच्यानंतरही नाही. तुमचा पगार, तुमची शिल्लक तुमचीच, त्याला कोणी हात लावणार नाही. हे आहेत तोवर तुमचा सांभाळ हे करतील. यांच्यानंतर तीन महिन्यांच्या आत तुम्ही घर मोकळं करून मुलांच्या ताब्यात द्यायचं. कळलं?"

"कळलं."

हे समोरच बसले होते आणि "यांच्यानंतर" हा शब्द त्यांच्यासमोर दोनदा बोलला गेला. ते पंख्याकडं बघत होते.

मुलगी म्हणाली, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. हे घर आईनं उभं केलंय. तिचे दागिने गेलेत यात."

तिनं मला मावशी म्हणायचं ठरवलं होतं, हे तेव्हा कळलं.

"वाईट वाटत नाही," मी म्हटलं. खरंच वाटत नव्हतं. नकाशा तपासायला समोर येतो तेव्हा जसं वाटतं तसं वाटत होतं. म्हणजे काही नाही.

कागदाला एक यादी जोडली होती. घरातल्या वस्तूंची, मुलीच्या सुबक अक्षरातली. सागवानी कपाट, देवातली चांदीची भांडी, फ्रिज, कुकर, पितळी समया, स्टीलची बारा ताटं. एकूण बेचाळीस नोंदी. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हटलं, "शिलाई मशीन दोनदा आलंय. नऊ नंबरला आणि सव्वीसला."

मुलगी लाल झाली. तिनं पेन घेऊन सव्वीस नंबर खोडला. मग मी दोन्ही कागदांवर सही केली, यादीवरही केली. यांनी केली. साक्षीदार म्हणून वकीलकाकांनी आणि शेजारच्या अक्कांनी केली. त्यानंतर मुलीनं सगळ्यांना उप्पीट दिलं. चांगलं झालं होतं.

संध्याकाळी मी बूथवरून बेळगावला भावाला फोन केला आणि कागदाचं सांगितलं. तो म्हणाला, "कर ना सही. त्या घराचं तुला काय करायचंय?" मी म्हटलं, "केली." तो म्हणाला, "मग झालं तर."

लग्न देवळात झालं. पंधरा-वीस माणसं होती. मी एक ट्रंक, एक वळकटी आणि माझी ड्रॉइंगची पेटी घेऊन त्या घरात राहायला गेले.

हे माणूस म्हणून चांगले होते. ते लिहायला हवं. पहाटे उठून खरंच आवाज करायचे नाहीत. साडेपाचला माझ्या उशाशी कॉफी ठेवायचे. पावसाचं असलं तर बसस्टॉपपर्यंत छत्री घेऊन यायचे. परीक्षेचे पेपर तपासायला आले की आम्ही दोघं टेबलाशी बसायचो, ते मार्क द्यायचे आणि मी बेरजा करायचे. मुलगा माझ्याशी नीट वागायचा, थोडा लाजून. कॉलेजातून आला की "मावशी, काय केलंय?" म्हणून विचारायचा.

पण मी त्या घरात कागदाप्रमाणं राहिले. हे कुणी मला करायला लावलं नाही. स्टीलच्या भांड्यांवर पहिलीचं नाव कोरलेलं होतं. मी माझ्यासाठी वेगळं ताट, दोन वाट्या आणि पेला आणला. यांनी एकदा विचारलं, "वेगळं ताट कशाला?" मी म्हटलं, "हॉस्टेलची सवय." सागवानी कपाटात जागा होती, यांनी एक कप्पा रिकामाही करून दिला, पण माझे कपडे ट्रंकेतच राहिले. भिंतीवर मी काही लावलं नाही. अंगणात माती चांगली होती, तरी मी कढीपत्ता लावला तो तेलाच्या डब्यात, म्हणजे जाताना उचलून नेता येईल.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी कुकर फुटला. म्हणजे त्याचं बूडच गेलं. मी नवीन आणला आणि जुना घासून, पुसून माळ्यावर ठेवला. यांनी बघितलं.

"तो कशाला ठेवतेस? भंगारवाल्याला दे."

"असू दे," मी म्हटलं. "यादीत आहे."

हे स्वयंपाकघराच्या दारात जरा वेळ उभे राहिले आणि बाहेर गेले.

त्यानंतर काही दिवसांनी असेल, आम्ही आठव्या क्रॉसच्या बाजारात गेलो होतो. थंडीचे दिवस, अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागले होते. मी शेंगा निवडत होते. हे पिशवी धरून शेजारी उभे.

"तो कागद आपण केला होता ना," हे म्हणाले.

"हो."

"त्याबद्दल तुला एक सांगायचं होतं."

मला वाटलं, मुलांचं काही असेल, की तीन महिन्यांचे दोन करायचे असतील. मला तो विषय बाजारात नको होता. मी म्हटलं, "माझ्या सगळं लक्षात आहे. तीन महिने. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सरी." आणि शेंगावालीला भाव विचारायला लागले. तो विषय त्यांनी परत काढला नाही. मीही काढला नाही.

मुलाला पुढं इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरची नोकरी लागली. मल्लेश्वरमहून रोज जाणं-येणं जमेना म्हणून तो तिकडंच खोली घेऊन राहायला गेला. आम्ही दोघंच राहिलो. लग्नाला सात वर्षं झाली आणि हे रिटायर झाले, त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. अकरा दिवस हॉस्पिटलात होते. बोलता येत नव्हतं, डोळे मात्र उघडायचे. मी रजा टाकून बसले. आज वॉर्डात कोण आलं, खाली कॅन्टीनमध्ये काय मिळतं, बाहेर ऊन किती आहे, असलं काही सांगत राहायचे. अकराव्या दिवशी दुपारी मी कॉफी प्यायला खाली गेले होते, तेव्हा ते गेले. वर आले तर नर्स पडदा ओढत होती.

मी रडले नाही. दिवसकार्याला आलेल्या बायका माझ्याकडं बघून आपसात काही बोलल्या. मला त्यांचा राग आला नाही. रडू का येत नाही हे मलाही कळत नव्हतं, पण ते शोधायला बसावं असंही वाटलं नाही. तेराव्यानंतर मुलगी हुबळीला गेली, मुलगा त्याच्या खोलीवर गेला. निघताना तो म्हणाला, "मावशी, घाई नाही."

"तीन महिने आहेत," मी म्हटलं.

तो खाली बघत "हो" म्हणाला.

मी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन खोल्या बघायला लागले. राजाजीनगरात एक सापडली, वरच्या मजल्यावर, बाहेरून जिना असलेली. मालकिणीला पुढच्या महिन्यात येते म्हणून सांगितलं. घरी यादीची माझी प्रत काढली आणि एकेक वस्तू बघून खूण करत गेले. समया, ताटं, कपाट. कुकर माळ्यावरून काढून खाली ठेवला. दोन चमचे सापडले नाहीत, तसे नवीन आणून ठेवले.

दोन महिने झाल्यावर एका रविवारी मुलगा आला. हातात प्लास्टिकची फाइल होती. मी कॉफी केली. त्यानं ती बराच वेळ तशीच ठेवली.

"मावशी, खाता बदलायला गेलो होतो." घराच्या कराची नोंद ज्याच्या नावावर असते त्याला इथं खाता म्हणतात. "ते म्हणाले, बायको आहे ना, मग त्यांची सही पाहिजे. हक्कसोडपत्र करून आणा, म्हणाले."

"पण मी सही केलीय ना? लग्नाआधी."

"ती चालत नाही म्हणतात."

"का चालत नाही?"

"माहीत नाही, मावशी. तिथले लोक तसं म्हणाले." त्यानं फाइल पुढं केली. "हे केलंय. रजिस्ट्रारकडं जावं लागेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. इथं, आणि इथं."

त्यानं पेनही आणलं होतं. मी तेव्हाच सही करून मोकळी झाले असते. पण कागद कन्नडमध्ये होता, आणि कायद्याचं कन्नड मला सावकाश वाचावं लागतं. न वाचता सही करायची नाही, ही ड्रॉइंग ऑफिसात लागलेली सवय. मी म्हटलं, "ठेवून जा. वाचते."

वाचून मला कळलं नाही ते एवढंच की एकच गोष्ट दोनदा का सोडायची. म्हणून मी संपिगे रोडवर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ज्यांचा बोर्ड होता, त्या वकिलांकडं गेले. यांचे मित्र वकीलकाका तोवर वारले होते. हे वकील वयस्क होते, कन्नड बोलणारे. मी दोन्ही कागद समोर ठेवले, जुना आणि नवा. त्यांनी जुना वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"अम्मा, हा कुणी केला?"

"माझ्या यजमानांच्या मित्रांनी. वकील होते."

"हं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "माणूस जिवंत असताना त्याच्या माघारी काय मिळेल, ते आधीच सोडून देता येत नाही. आधी ते तुमचं व्हायला पाहिजे, मग तुम्ही सोडणार. तुम्ही सही केलीत तेव्हा तुमचं काही नव्हतंच. आता आहे. म्हणून तो मुलगा नवा कागद घेऊन आला."

"आता काय आहे?"

"मृत्युपत्र केलंय त्यांनी?"

"नाही. कागदपत्रं सगळी मीच लावली. नाही सापडलं."

"मग वारस तीन. मुलगा, मुलगी आणि तुम्ही. तिघांचा सारखा वाटा. या कागदाच्या बदल्यात तुम्ही काही घेतलं होतं का? काही मोबदला?"

"नाही. उप्पीट खाल्लं होतं."

ते हसले. मी विनोद म्हणून बोलले नव्हते, मला दुसरं काही आठवलं नाही.

"मोबदला घेतला असता तर कोर्टात वाद घालायला थोडी जागा होती," ते म्हणाले. "तसं काही नाही तर हा कागद म्हणजे नुसता कागद."

"आणि यादीतल्या वस्तू?"

"त्यांच्यातही तिसरा हिस्सा. ताटं बारा असली तर चार तुमची."

मी विचारलं, "ज्यांनी हा कागद लिहिला, त्यांना हे माहीत नसेल का?"

"वकील होते म्हणता. मग माहीत असणारच, अम्मा. हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात."

मी जिना उतरले. खाली दुकानातून ऑफिसासाठी दोन खोडरबर घ्यायचे होते ते घेतले. घरी आले, कुलूप उघडलं आणि बाहेरच्या खोलीत पर्स हातात धरून बसले. मला वाटलं होतं, राग येईल. मी त्याची वाट बघितली. सात वर्षं मी ज्या घरात पाहुणीसारखी राहिले त्या घरात कागदानं मला कधीच पाहुणी केलं नव्हतं, हे मी मनात नीट मांडून बघितलं. ते एखाद्या दुसऱ्या बाईबद्दल असावं तसं वाटलं. मग अंधार पडला, मी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून सांगितलं की मी वकिलाला विचारलंय, कागद मला कळलाय, आणि आत्ता मी सही करत नाही.

"किती दिवस लागतील, मावशी?"

"माहीत नाही."

शनिवारी सकाळी मुलगी हुबळीच्या गाडीनं आली. एकटीच आली. तिनं आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात येऊन खाली बसली. मी घेवडा निवडत होते. तिनंही हात लावला.

"केस करणार का?" तिनं विचारलं.

"नाही. मला फक्त एक विचारायचंय. तो कागद चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?"

तिनं दोन-तीन शेंगा मोडल्या.

"हो," ती म्हणाली. "वकीलकाकांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. बाबांना आणि मला. भाऊ तेव्हा कॉलेजात गेला होता, त्याला नव्हतं माहीत. काका म्हणाले, कोर्टात याला किंमत नाही. पण कागद असला की माणूस धरून वागतो. मी म्हटलं, मला तेवढं पुरे."

"आणि हे काय म्हणाले?"

"बाबांना आवडलं नव्हतं. ते म्हणाले, असं खोटं कशाला. मी रडले. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं, मावशी. मग ते म्हणाले, सरी, तुझं मन राहू दे. लग्न झालं की स्वल्प दिवसांनी मी तिला सांगेन." ती माझ्याकडं बघायला लागली. "सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही."

मी तिला बाजारातलं सांगितलं. अवरेकाईच्या ढिगापाशी हे काय म्हणाले आणि मी काय म्हणाले ते. ती रडायला लागली. तशाच हातांनी डोळे पुसत होती. मी घेवड्याची ताटली उचलून ओट्यावर ठेवली आणि तांदूळ धुतले.

"मला तुमची भीती वाटायची," ती मागून म्हणाली. "आईची साडी नेसून तुम्ही दारात उभ्या आहात, असं स्वप्न पडायचं मला. दुसऱ्या बाळंतपणाला आले तेव्हासुद्धा मी बघत होते, तुम्ही कुठं हात लावता. तुम्ही तर कपाटसुद्धा उघडलं नाहीत."

"यादीत होतं," मी म्हटलं.

मला तिला टोचायचं नव्हतं. तेच खरं उत्तर होतं. पण ती उठून बाहेर गेली आणि अंगणात बराच वेळ उभी राहिली. मी भात चढवला, भाजी फोडणीला टाकली. जेवायला बसलो तेव्हा मी तिला सांगितलं, "मी सही करणार नाही. मला इथं राहायचंय की नाही, तेही मला आत्ता माहीत नाही. पण सही करणार नाही."

"नका करू," ती म्हणाली. "मी त्याला सांगते."

राजाजीनगरच्या मालकिणीला मी कळवलं की येत नाही. तीन महिने होऊन गेले. तो दिवस मी ऑफिसात होते, घरी आल्यावर लक्षात आलं की आज मुदत संपली. कुणी आलं नाही. मी भात-आमटी केली, जेवले.

त्यानंतरचं सावकाश घडलं. ऑफिसात कॉम्प्युटर आले, नकाशे त्यावरच व्हायला लागले आणि ट्रेसरची जागाच बंद झाली. मी मिळत होती ती स्वेच्छानिवृत्ती घेतली. दिवसभर घरी राहायची वेळ आली तेव्हा त्या घरातलं ऊन कुठून कुठं जातं ते पहिल्यांदा बघितलं. आजूबाजूची बैठी घरं पाडून फ्लॅट होत होते. आमच्याकडंही एक बिल्डर येऊन गेला. मुलगा मला विचारायला आला, या वेळी फाइल न आणता. म्हणाला, "मावशी, तुम्ही हो म्हणालात तरच. तिघांना तीन फ्लॅट मिळतील, बाकीचे त्याचे. तुम्हाला कुठला मजला हवा?"

मला कुणी मजला कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "पहिला. जिना कमी."

मुलीनं आधी नको म्हटलं, मग दोन महिन्यांनी हो म्हटलं. आईचं घर पाडायचं तर सगळ्यात जास्त तिलाच जड गेलं असणार. तिनं मला दोष दिला नाही. पत्रात एवढंच लिहिलं, की पाडायला सुरुवात होईल त्या दिवशी मला कळवू नका.

यांच्याबद्दल लोक विचारतात. म्हणजे फार कुणी नाही, एक-दोघी मैत्रिणी. राग येत नाही का, म्हणतात. यांनी मला सात वर्षांत एक वाक्य सांगितलं असतं तर मी कपाटात साड्या ठेवल्या असत्या, मातीत झाड लावलं असतं, एवढंच. आणि एकदा ते सांगायला लागले होते तेव्हा मी थांबवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहते आणि मला काही वाटत नाही. कधी कधी पहाटे साडेपाचला जाग येते आणि कॉफीचा वास नसतो, तेव्हा थोडंसं काहीतरी वाटतं. ते काय आहे, हे मी कुणाला सांगायला जात नाही.

बिल्डरबरोबरच्या कराराची नोंदणी एका बुधवारी झाली. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात गर्दी होती, आम्ही तिघं एका बाकावर बसलो. मुलगी रात्रीच्या गाडीनं आली होती, तिचे डोळे सुजले होते. नंबर आल्यावर तिथल्या माणसानं मला विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?" मी हो म्हटलं. कागद आधी घरी आणून वाचला होता. तिघांनी सह्या केल्या, डाव्या अंगठ्याचे ठसे दिले. शाई पुसायला त्यांनी एक कळकट फडकं दिलं, त्यानं ती आणखीच पसरली.

बाहेर आलो तेव्हा एक वाजून गेला होता. मुलगा म्हणाला, "काहीतरी खाऊया." कोपऱ्यावर दर्शिनी होती, उभ्यानं खायची. एका उंच टेबलाभोवती आम्ही तिघं उभे राहिलो. मुलगा कूपन घेऊन डोसे घेऊन आला. मुलगी हुबळीच्या परतीच्या गाडीचं बोलत होती, आज जावं की उद्या. मी म्हटलं, "उद्या जा. आज झोप." ती म्हणाली, "बरं." तिच्या अंगठ्याची शाई डोशाला लागत होती म्हणून ती चार बोटांनी खात होती.

"मावशी, अजून एक?" मुलानं विचारलं.

मला भूक होती. मी म्हटलं, "आण."